लोकांची शाळा

एखाद्या गावातील जुनी विहीर कोणी खणली, हे तेथील म्हातारी माणसे सहज सांगतात. शाळा कोणी काढली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विहिरीचे पाणी डोळ्यांना दिसते आणि तहान लागताच तिची आठवण होते. शाळेने दिलेले ज्ञान माणसाच्या अंगी मुरून जाते आणि ते कोठून आले, याचा पुढे विसर पडतो. मराठवाड्यात ज्या शाळा लोकांनी आपल्या हिमतीवर उभ्या केल्या, त्यांच्या बाबतीत तरी असा विसर पडू नये. त्यांची हकीकत ही या प्रदेशाच्या स्वातंत्र्याच्या हकिकतीचाच एक भाग आहे.

शाळा दोन प्रकारांनी निघतात. काही शाळा सरकार किंवा जिल्हा परिषद चालविते. काही शाळा लोक एकत्र येऊन काढतात. त्यांसाठी ते संस्था स्थापन करतात, वर्गणी गोळा करतात, जागा मिळवितात आणि शिक्षक नेमतात. या दुसऱ्या प्रकारच्या शाळेला आपण खाजगी शाळा म्हणतो. पण 'खाजगी' या शब्दाने तिचे खरे स्वरूप कळत नाही. खाजगी म्हणजे एकट्याचे. आणि या शाळा तर अनेकांच्या होत्या. त्यांना लोकांची स्वतंत्र शाळा म्हणणेच अधिक योग्य होय.

१९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ जिल्हे तेलुगू भाषेचे, पाच मराठीचे आणि तीन कानडीचे होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते; त्याचा वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. राज्याचा कारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथेही शिक्षणाचे माध्यम उर्दूच ठेवण्यात आले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, यात शंका नाही. उर्दू ही गोड आणि संपन्न भाषा आहे. परंतु राज्यातील बहुसंख्य मुलांच्या घरी ती बोलली जात नव्हती. नांदेडकडील शेतकऱ्याचा मुलगा वरच्या वर्गात गेला, की त्याला दोन ओझी वाहावी लागत. गणित सोडविण्याआधी गणिताची भाषा समजून घ्यावी लागे. इतिहास शिकण्याआधी इतिहासाचे शब्द पाठ करावे लागत. पुष्कळ मुले या दुहेरी ओझ्याखाली थकून शाळा सोडीत. १९३१ च्या जनगणनेच्या वेळी या राज्यात शंभरांतील दहा माणसांनाही लिहितावाचता येत नव्हते.

मग लोकांनी आपल्या भाषेच्या शाळा का काढल्या नाहीत, असे तुम्ही विचाराल. त्यांनी त्या काढल्या. पण ते काम सोपे नव्हते. खाजगी शाळा चालविण्यास सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. शाळेत काय शिकविले जाते, तेथे कोण येतो, सभेत कोण बोलतो, यांवर अधिकाऱ्यांची नजर असे. अशाही परिस्थितीत १९०७ मध्ये हैदराबाद शहरात विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यास नूतन विद्यालय सुरू झाले. १९१५ मध्ये औरंगाबादेस सरस्वती भुवन ही शाळा निघाली. एकेका दिव्यावरून दुसरा दिवा लावावा, तशी गावोगावची माणसे या शाळा पाहून आपल्या गावी शाळा काढू लागली.

१९२१ मध्ये हिप्परगा या लहानशा गावी एक राष्ट्रीय शाळा स्थापन झाली. हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. महात्मा गांधींची असहकाराची चळवळ तेव्हा देशभर पसरली होती आणि परक्या सत्तेच्या शाळा सोडून स्वतःच्या राष्ट्रीय शाळा काढाव्यात, हा विचार ठिकठिकाणी रुजला होता. १९३० च्या सुमारास या शाळेत व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक काम करीत होते. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला होता. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते आणि कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले होते. मोठ्या शहरात राहून त्यांना पुढे जाता आले असते. पण त्यांनी निवडली ती खेड्यातील शाळा. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. संन्यासी पुष्कळदा रानावनात जातो. हा संन्यासी मात्र मुलांच्या वर्गातच राहिला.

१९३५ मध्ये स्वामीजी आपल्या सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी उचलली. अंबाजोगाई हे लातूरच्या वायव्येस, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले जुने गाव. निजामाच्या काळी त्याला मोमिनाबाद म्हणत. ज्यांना परंपरा मराठीचे आद्यकवी मानते, त्या मुकुंदराजांची समाधी याच गावाजवळ आहे आणि दासोपंतांनीही येथेच ग्रंथरचना केली. ज्या भूमीत मराठी ग्रंथरचनेचा उगम झाला असे लोक मानतात, त्याच भूमीत मुलांना मराठीतून शिकविण्यासाठी सरकारची परवानगी लागावी, ही केवढी विलक्षण गोष्ट! विद्यालयाला नाव मिळाले ते गावच्या देवीचे. लोकांना ही शाळा परकी वाटली नाही, हे त्या नावावरूनही दिसते.

१९३८ हे वर्ष मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी औरंगाबादच्या सरकारी महाविद्यालयातील आणि उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' गाण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. विद्यार्थी मागे हटले नाहीत, तेव्हा शेकडोंना काढून टाकण्यात आले. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले आणि त्यांतील अनेकांना प्रवेश दिला. १९९१ ते १९९६ या काळात भारताचे पंतप्रधान असलेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस या संस्थेवर निजाम सरकारने बंदी घातली आणि तिच्या सत्याग्रहात भाग घेण्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा सोडली. त्यांना कारावास भोगावा लागला. ज्यांनी मुलांना निर्भयतेचा पाठ दिला, त्यांनी तो स्वतःही गिरविला. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राज्याचा शेवट झाला, तेव्हा ते तुरुंगात होते. त्याच दिवशी त्यांची सुटका झाली.

स्वातंत्र्य मिळाले म्हणजे सर्व काम संपले, असे या मंडळींनी मानले नाही. १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज निघाले. त्याच्या स्थापनेत स्वामीजींचा पुढाकार होता. पीपल्स म्हणजे लोकांचे. लोकांनी काढलेले, लोकांसाठी चालणारे महाविद्यालय, हा अर्थ त्या नावातच होता. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला गेला नव्हता, त्यांची मुले तेथे पदवीपर्यंत शिकू लागली.

नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत १९५५ पासून १९६३ पर्यंत नरहर कुरुंदकर हे शिक्षक होते. कुरुंदा गावचे हे गृहस्थ अफाट वाचन करणारे होते. महाविद्यालयाच्या परीक्षांत त्यांना यश लवकर मिळाले नाही. परंतु एका शाळेने त्यांच्यातील शिक्षक ओळखला. पुढे ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. साहित्य, इतिहास, राजकारण अशा अनेक विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले आणि महाराष्ट्रभर व्याख्याने दिली. गुणपत्रिकेच्या पलीकडे जाऊन माणसाची पारख करणे, हे अशा स्वतंत्र संस्थांना साधत असे.

आता अशा शाळेचा स्वभाव कोणता, हे पाहू. पहिली गोष्ट तिच्या स्वातंत्र्याची. स्वतंत्र शाळा म्हणजे नियम नसलेली शाळा नव्हे. तिला परीक्षा असतात, वेळापत्रक असते आणि कायदेही पाळावे लागतात. पण काय शिकवावे आणि कशासाठी शिकवावे, याचा विचार ती स्वतः करते. या स्वातंत्र्याची किंमतही तिला द्यावी लागते. तिच्यामागे सरकारी तिजोरी नसते. वर्गणी कमी पडली, तर शिक्षकाचा पगार लांबतो. पावसाने दगा दिला, तर शेतकऱ्याची फी थांबते. लोकांचा विश्वास हेच तिचे भांडवल होय.

दुसरी गोष्ट म्हणजे अशा शाळांतील पुष्कळशा दिवसशाळा असतात. वसतिगृहाच्या शाळेत मुले घरापासून दूर राहतात. दिवसशाळेतील मूल सकाळी घरून निघते आणि दिवस मावळण्याच्या सुमारास घरी परतते. त्याच्या दप्तरातून शाळाही रोज त्याच्या घरी जाते. वर्गात शिकलेली गोष्ट ते आजीला सांगते, आईला पत्र वाचून दाखविते, वडिलांच्या बाजाराचा हिशेब मांडते. उलट घरची भाषा, पिकांची नावे आणि जात्यावरच्या ओव्या यांसह ते सकाळी वर्गात येते. म्हणून दिवसशाळेत एक मूल शिकते, तेव्हा त्याचे सगळे घर थोडेथोडे शिकत असते.

तिसरी गोष्ट सहशिक्षणाची. सहशिक्षण म्हणजे मुलामुलींनी एकाच वर्गात बसून शिकणे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने शिकावे की नाही, हाच मुळी वादाचा प्रश्न होता. पुढे मुलींसाठी वेगळ्या शाळा निघाल्या आणि त्यांनी मोठे काम केले. परंतु लहान गावाला दोन शाळा परवडत नाहीत. तेथे मुलामुलींची एकच शाळा नसेल, तर मुलगा शाळेत जातो आणि मुलगी घरी राहते. सहशिक्षणाचा लाभ मुलांनाही होतो. आपल्या शेजारच्या बाकावरील मुलगी गणितात आपल्या पुढे आहे, हे ज्याने रोज पाहिले, तो मोठेपणी तिला कमी लेखणार नाही.

स्वतंत्र शाळेची खरी कसोटी मात्र निराळीच आहे. दाराशी कोणाचे मूल उभे आहे, हे पाहून जी शाळा दार उघडते किंवा लावून घेते, ती स्वतंत्र असली तरी लोकांची राहत नाही. आज नांदेड आणि लातूर ही शिक्षणाची मोठी केंद्रे झाली आहेत. लातूरची अभ्यासाची पद्धत राज्यभर गाजली आणि दूरदूरची मुले तेथे शिकावयास येतात. खाजगी शाळाही पुष्कळ झाल्या आहेत. त्यांपैकी काहींची फी गरिबाला पेलणारी नाही. २००९ मध्ये संसदेने मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. सरकारी अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळांनीही प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, असे त्यात सांगितले आहे. अल्पसंख्याकांच्या शाळा त्यास अपवाद आहेत. जे पूर्वीच्या मंडळींनी कर्तव्य म्हणून केले, ते आता कायद्याने सांगावे लागते. तथापि कायद्याने का होईना, एका वर्गात गरीब आणि श्रीमंत घरची मुले शेजारी बसतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. त्याला नाव देण्यात आले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. विद्यापीठांना राजांची, कवींची आणि पंडितांची नावे दिली जातात. येथे मात्र हिप्परग्यासारख्या खेड्यात फळ्यासमोर उभे राहिलेल्या एका शाळामास्तरांचे नाव आहे. तुमची शाळा कोणी काढली, तिची पहिली खोली कोणाच्या जागेत भरली, पहिल्या वर्गात किती मुलगे आणि किती मुली होत्या, याची चौकशी तुम्हीही करा. गावातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते वहीत उतरून घ्या. अशा हकिकती कोणी तरी लिहून ठेवल्या, तरच त्या पुढच्या मुलांना कळतील.

अभ्यास

१. 'खाजगी' या शब्दाने या शाळांचे खरे स्वरूप कळत नाही, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. निजामाच्या राज्यातील मराठी मुलांना कोणती दोन ओझी वाहावी लागत?
३. १९३८ मध्ये कोणत्या महत्त्वाच्या घटना घडल्या? त्यांची माहिती आपल्या शब्दांत लिहा.
४. 'दिवसशाळेत एक मूल शिकते, तेव्हा त्याचे सगळे घर थोडेथोडे शिकत असते.' हे विधान तुमच्या घरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. पुढील वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत योजा : धुरा उचलणे, अंगी मुरणे, दगा देणे, पारख करणे.
६. तुमच्या शाळेच्या स्थापनेची माहिती मिळवा आणि 'आमची शाळा' या विषयावर वीस ओळी लिहा.