ऐकणारं माणूस

सुमे, काल रात्री अकरा वाजता तुझा फोन आला तेव्हाच मला कळलं, की तू आधी पुष्कळ रडून घेतलंयस. घसा बसला होता तुझा. ओजसला आता शाळेत पाठवायचं नाही, घरीच शिकवायचं, असं एका दमात म्हणालीस आणि गप्प झालीस. मी होही म्हणाले नाही आणि नाहीही. फोनवर उरकायची गोष्ट नव्हती ती. म्हणून आज दुपारी कामं आटोपून लिहायला बसले. आपली सई नववीपासून घरी शिकली, यंदा तिने बारावीची परीक्षा दिली. या चार वर्षांत मला जे धडपडत कळलं, ते तुला सांगते.

आधी एक विचारते. दर सोमवारी त्याचं पोट दुखतं म्हणालीस. ते खोटं नसतं गं. मनात बसलेली भीती मुलांच्या खरोखर पोटात दुखते. पण कशाची भीती, हे तुला ठाऊक आहे का? वर्गातली चार मुलं त्रास देत असतील, एखाद्या तासाची धास्ती असेल, तर तुकडी बदलून किंवा शाळा बदलून प्रश्न सुटू शकतो. तसं असताना त्याला घरी आणलंस तर तो शिकायला नाही, लपायला येईल. आणि रात्र-रात्र जागत असेल, जेवण तुटलं असेल, क्रिकेटचंही नाव काढत नसेल, तर शाळेचा विचार बाजूला ठेव आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. तिथे फोन करण्यात काहीही कमीपणा नाही.

सईचं तसं काही नव्हतं. मैत्रिणी होत्या, मार्कही बरे होते. पण शाळा आणि क्लास धरून दहा तास बाहेर, आणि घरी आल्यावर पुन्हा गृहपाठ. आठवीच्या जूनमध्ये तिची चित्रांची वही ज्या पानावर होती, मार्चमध्ये त्याच पानावर होती. ती कोरी पानं बघून मी हलले, आम्ही दोघंही हललो म्हण ना. तिला विचारलं, ती आठ दिवस विचार करून हो म्हणाली. ओजसला विचारलंयस का तू? तेरा-चौदा वर्षांचं मूल. निर्णय त्याच्याबद्दल आहे, तर त्याचा होकार त्यात हवाच. तू ठरवून त्याला कळवलंस, तर चार महिन्यांनी पहिलं भांडण होईल आणि तो म्हणेल, तूच काढलंस मला शाळेतून.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. सई घरी आली त्या पहिल्याच सोमवारी मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. नऊ ते पावणेदहा गणित, पावणेदहा ते साडेदहा विज्ञान. मधली सुट्टीसुद्धा होती त्यात! मी हातात पुस्तक घेऊन समोर बसायची. तिसऱ्या आठवड्यात पोरगी माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवताना मान खाली, ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच. एका रात्री मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले. आई पाठीमागून आली आणि म्हणाली, ‘‘तिला शाळेतून काढलंस, पण शाळा घरात आणलीस की. आणि तिची आई कुठे गेली?’’ दुसऱ्या दिवशी मी ते वेळापत्रक काढलं. महिना-दीड महिना काहीच शिकवलं नाही. सई झोपली, झाडांची चित्रं काढली, आईबरोबर भाजी निवडली. मला आतून धाकधूक होत होती, पण धरून राहिले. तू तेवढे दिवस त्याला दे. वर्षानुवर्षं घंटेवर चाललेलं मूल एका दिवसात स्वतःच्या पायांनी चालायला लागत नाही.

आणि मग आईचीच गंमत ऐक. सई प्रकाशसंश्लेषणाचा व्हिडिओ बघत होती. आई शेजारी वाती वळत बसली होती. तिने सहज विचारलं, ‘‘पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू देतो म्हणतात, ते खरं का गं?’’ सई म्हणाली, बघून सांगते. व्हिडिओ पुन्हा लावला, एनसीईआरटीचं पुस्तक उघडलं, मराठी विश्वकोशातली नोंद वाचली. तास-दीड तास गेला. मग येऊन आजीला सांगायला लागली, की झाड जो प्राणवायू सोडतं तो पाण्यातून येतो, पाण्याचे कण फुटायला उजेड लागतो, उजेड नाही तर प्राणवायूही नाही. रात्री पिंपळसुद्धा आपल्यासारखा नुसता श्वास घेतो. आईला पटेना. ‘‘मग झाडाखाली झोपलं तर माणूस गुदमरेल?’’ सई पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली, की खोलीत शेजारी झोपलेलं माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यापुढे कुंडीतल्या झाडाचा काहीच नाही. हे सांगताना ती मध्येच अडली, वहीत आकृती काढली, खोडली, परत काढली. मी दारात उभी राहून बघत होते. आठवीच्या परीक्षेत हाच धडा तिने पाठ करून लिहिला होता, पूर्ण मार्क मिळाले होते. समजला तो त्या दिवशी, आजीपुढे.

तुला सगळ्यात महत्त्वाचं हेच सांगायचंय, सुमे. शिकवणारे आता फुकट मिळतात, आणि उत्तम मिळतात. तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. घरात हवं असतं ते ऐकणारं माणूस. ज्याला खरंच माहीत नाही, जे खोटी वाहवा करत नाही, घाई करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारतं, ‘‘काल अर्धं राहिलं होतं ते सांग की.’’ तू बीएस्सी नाहीस म्हणून काल घाबरली होतीस. नसलीस तर बरंच आहे. तुला कळेपर्यंत त्याला सांगावं लागेल.

साधनांचं म्हणशील, तर एवढ्या गोष्टी सापडतील की त्यातच हरवशील. म्हणून मी मोजकीच सांगते. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, आणि गणित-विज्ञानाचं एकच पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे आहे. ओजस मराठी माध्यमाचा. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचायची सवय लाव. लघुकोन म्हणजे अक्यूट अँगल, हे पाठ न करता बसतं, आणि पुढे इंग्रजी व्हिडिओ परके वाटत नाहीत. गणिताला खान अकॅडमी. पण तिथले व्हिडिओ कमी बघू दे आणि सरावाची उदाहरणं जास्त सोडवू दे. नियम एकच ठेव. व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटांचा, मग स्क्रीन बंद आणि वही उघडी. बघताना सगळंच कळल्यासारखं वाटतं. पेन हातात घेतलं की कुठे अडतंय ते दिसतं. भूमितीसाठी जिओजेब्रा दे त्याला, त्रिकोणाचं टोक धरून ओढलं की कोन बदलताना दिसतात, पण तिघांची बेरीज हलत नाही. सई त्यावर तासभर खेळली होती.

आणि अरविंद गुप्तांची साइट. पुण्याच्या आयुकात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी विज्ञानाचं केंद्र चालवलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेट्या, स्ट्रॉ, जुन्या सीडी, सायकलची ट्यूब यांतून प्रयोगाची खेळणी कशी करायची याचे शेकडो लहान-लहान व्हिडिओ तिथे आहेत, मराठी पुस्तकं आहेत, सगळं मोफत. ओजसचा हात चालता आहे. त्याने लहानपणी तुमचं घड्याळ खोललं होतं ते आठवतंय ना? त्याला पहिल्या महिन्यात फक्त ही साइट दाखव, बाकी काही नको.

कॉम्प्युटर मात्र बैठकीच्या खोलीत. फोन नव्हे, कॉम्प्युटर, जुना चालेल. फोनवर एका व्हिडिओनंतर दुसरा आपोआप सुरू होतो आणि मूल कधी वाहून गेलं ते त्यालाही कळत नाही. हे त्याच्या चारित्र्याचं दुबळेपण नाही, ती यंत्रं तशीच बनवलेली असतात. त्याला रागावू नकोस, जागा बदल.

कागदपत्रांचं नीट वाच, इथे घाईने चुका होतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी २००९ चा जो शिक्षणहक्क कायदा आहे, त्यात घरी शिकण्याबद्दल स्पष्ट काही म्हटलेलं नाही. म्हणून माझा सल्ला, आठवीचा निकाल हातात येऊ दे, मगच पुढचं. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेव, त्यावर जन्मतारीख आणि जात असते, पुढे जातीच्या दाखल्यापासून सगळीकडे तो लागतो. दहावीसाठी दोन वाटा. एक आपल्या राज्य मंडळाची, बाहेरून बसायचं, त्यालाच लोक सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. बालभारतीचाच अभ्यासक्रम, तोंडी आणि अंतर्गत गुणांसाठी एखाद्या शाळेशी जोडून देतात. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, एनआयओएस म्हणतात ती. १९८९ पासून आहे, केंद्र सरकारची आहे, पुण्यात विभागीय केंद्र आहे. दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी. सईने दहावीचे तीन विषय एका खेपेला दिले, दोन पुढच्या. गणिताला तिला सहा महिने जास्त मिळाले आणि तेवढ्यानेच तिची भीती गेली. विषयांतही मोकळीक आहे, चित्रकला घेता येते, गृहविज्ञान घेता येतं, मराठी आहे. प्रत्येक विषयाचा गृहपाठ अभ्यासकेंद्रात द्यायचा असतो, त्याला वीस टक्के वजन. तो वेळेवर दे, आम्ही एकदा विसरलो आणि फुकटचे गुण गेले.

तुझा नितीन विचारेल, पुढे इंजिनीअरिंगचं काय, मेडिकलचं काय. एनआयओएसची बारावी चालते. मेडिकलला मध्यंतरी मुक्त विद्यालयाच्या मुलांना अडवत होते, २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. पण त्याला हेही सांग, की घरी शिकलेलं प्रत्येक मूल मुंबईच्या मालविका जोशीसारखं होत नसतं. ती २०१६ मध्ये दहावी-बारावीशिवाय थेट अमेरिकेत एमआयटीत गेली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती तिच्याकडे. त्याच मुलीला आपल्या आयआयटीची दारं बारावी नाही म्हणून बंद होती. पदकं सगळ्यांना नसतात. ओजसची दहावी आणि बारावी कागदावर असू दे.

घरच्यांशी मात्र तू आधी बोल, आणि नितीनशी सगळ्यात आधी. एकट्या आईने ओढायचा गाडा नाही हा. तू पतसंस्थेत सकाळी दहाला जातेस, सहाला येतेस. त्या आठ तासांत घरात कोण असेल? कुणीच नसेल तर मी स्पष्ट सांगते, करू नकोस. तेराव्या वर्षी दिवसभर एकटं घर मुलाला खायला उठतं. तुझे सासरे घरी असतात. त्यांनी मिलमध्ये तीस वर्षं हिशेब लिहिले, टक्केवारी आणि व्याज त्यांच्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार? पण त्यांना ‘शिकवा’ म्हणू नकोस. म्हण, ‘‘अण्णा, ओजसला तुमची जुनी कीर्द दाखवा.’’ नितीनने रात्री जेवताना वीस मिनिटं द्यावीत. ‘आज किती अभ्यास झाला’ हे विचारायचं नाही. ‘आज काय सापडलं’ हे विचारायचं. सईच्या बाबांनी हा एक प्रश्न चार वर्षं रोज विचारला. कधीकधी ती म्हणायची, काहीच नाही. ते म्हणायचे, बरं, आमटी वाढ.

लग्नकार्यात लोक विचारतील, ‘कितवीत आहेस?’ त्या वेळी त्याच्याकडे बघत बसू नकोस आणि त्याच्या वतीने लांबलचक खुलासाही करू नकोस. ‘‘नववीचा अभ्यास घरी करतोय’’ एवढं त्यालाच म्हणू दे. आणि कुणापुढेही, अगदी माझ्यापुढेही, त्याची कुरकुर सांगू नकोस. मुलं शेजारच्या खोलीतून सगळं ऐकतात.

संध्याकाळचं मैदान सोडू नका. शाळेतले मित्र तिथे भेटतात, भांडतात, तेवढं त्याला लागतंच. आठवड्यातून दोन दिवस कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे बसू दे, पंक्चर काढू दे, गिअर खोलू दे. सई आमच्या गावच्या रोपवाटिकेत जायची. तिथे कलम बांधायला शिकली आणि आता तिला शेतकी कॉलेजला जायचंय. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं.

सहा महिन्यांनी जमलं नाही असं वाटलं, तर नववीला परत शाळेत घाल. त्यात हार नाही. मी पहिल्या वर्षी दोनदा शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवला होता, सईला ठाऊक होतं, आणि परत जायचा रस्ता आहे या खात्रीनेच ती निर्धास्त राहिली असं मला वाटतं.

या शनिवारी ओजसला घेऊन ये. शाळेचा विषय तू काढायचा नाहीस, मीही काढणार नाही. तू म्हणालीस ना, तासन्‌तास तो चेंडू स्विंग होण्याचे व्हिडिओ बघत बसतो? आई परवा मॅच बघताना विचारत होती, चेंडू सरळ टाकलेला असतो तर हवेत वळतो कसा. मला सांगता आलं नाही, सईलाही धड आलं नाही. त्याला म्हण, आजी वाट बघतेय. आणि येताना त्याचा जुना चेंडू आणायला सांग, एका बाजूने घासलेला.