भोपळ्याच्या वेलाचीं दोन प्रकारचीं फुलें

तांबड्या भोपळ्याचा वेल अंगणांत भरभर वाढतो, पिवळ्या फुलांनीं भरून जातो, आणि तीं सर्व फुलें गळून पडतात. मग घरचीं माणसें ‘हा वेल वांझ आहे’ असें म्हणून तो उपटून टाकतात. वाचकहो, असें करण्यापूर्वीं फुलें नीट पाहावीं. बहुधा वेलाचा कांहीं दोष नसतो.

१. फुलांची ओळख. एकाच वेलावर नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असून त्याच्या मध्यभागीं परागानें माखलेली एक दांडी असते. मादी फुलाचा देठ आंखूड असून पाकळ्यांखालीं चिमुकला भोपळा आधींच दिसतो. आरंभीं बहुधा नर फुलेंच येतात. त्यांचें गळणें स्वाभाविक होय. दिवस मोठे व उष्णता फार असतां नर फुलें अधिक येतात. दिवस लहान व रात्री थंड असतां मादी फुलांचें प्रमाण वाढतें. नत्राचें खत फार झालें तर वेल पानांनींच माजतो व फळ कमी धरतें.

२. पराग कोण नेतो? भोपळ्याचा पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहीं. तो मुख्यतः मधमाश्या नेतात. फूल पहाटे उमलतें, दुपारपर्यंत मिटतें, आणि पुन्हां उमलत नाहीं. तेवढ्या वेळांत पुरेसा पराग न पोंचल्यास चिमुकला भोपळा पिवळा पडून गळतो. म्हणून सकाळीं उमललेल्या फुलांवर कीटकनाशक फवारणें म्हणजे आपल्याच हातांनीं आपलें पीक बुडविणें होय.

३. उपाय. माश्या येत नसतील तर सकाळीं आठाच्या आंत नुकतेंच उमललेलें नर फूल तोडावें, त्याच्या पाकळ्या काढाव्या, आणि आंतील दांडी मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवावी. काम साधलें तर थोड्याच दिवसांत फळ फुगूं लागतें. भाजीसाठीं नर फुलेंच खुडावीं. पण त्यांतलींही कांहीं वेलावर राखावीं.

४. वेलाचा स्पर्श. वेल ज्या तंतूंनीं मांडव धरतो त्यांस काठीचा स्पर्श कळतो. स्पर्श झालेल्या बाजूपेक्षां दुसरी बाजू अधिक वाढते, म्हणून तंतु काठीभोंवतीं वळतो. वेलींच्या अशा हालचालींवर चार्ल्स डार्विन ह्यांनीं १८७५ सालीं स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

प्रश्न : (१) मादी फूल कसें ओळखावें? (२) पहिलीं फुलें कां गळतात? (३) सकाळीं औषध कां फवारूं नये?