श्रद्धेची परीक्षा व्यवहारात

श्रीमद्भागवताच्या ११व्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांत एक कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यामागे लागले. तुकडा टाकला नि तो सुखी झाला.

बँकेत ऑडिटर कधीतरीच यायचा. एरवी कॅश आणि आपलं मन, दोघंच. कायदा चोरी पकडतो, तुकडा सोडायला शिकवत नाही. देव न मानणारेही सचोटीने वागतात, त्यांचा आदरच करावा. पण आपल्यासारख्या सामान्यांना ते बळ श्रद्धाच देते.

मात्र गुरुचरित्राचं पारायण करून भावाचा हिस्सा दाबला, तर ती श्रद्धा कसली? भक्तहो, वाटणीपत्रावर सही करताना कुरर पक्षी आठवावा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥