सुट्टीतील अवकाश शिबिर

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही काय करता? कोणी नानीच्या घरी जाते, कोणी वडिलांच्या दुकानात बसते, कोणी दिवसभर गल्लीत क्रिकेट खेळते. आपल्या देशातील काही मुले मात्र या सुट्टीत रॉकेट पाहायला जातात. नुसते पाहायला नव्हे, स्वतःच्या हातांनी लहानसे रॉकेट करायलासुद्धा!

भारतीय अवकाश संशोधन संस्थेला आपण थोडक्यात 'इस्रो' म्हणतो. इस्रोने २०१९ साली नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एक उन्हाळी शिबिर सुरू केले. त्याचे नाव 'युवा विज्ञानी कार्यक्रम', म्हणजेच 'युविका'. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून तीनच विद्यार्थी निवडले गेले. तिरुवनंतपुरम, बंगळुरू, अहमदाबाद आणि शिलाँग येथील केंद्रांत ते दोन आठवडे राहिले. पुढे हैदराबाद, श्रीहरिकोटा आणि डेहराडून ही केंद्रेही त्यात आली. प्रवासाचा, राहण्याचा आणि जेवणाचा खर्च इस्रो करते.

शिबिरात शास्त्रज्ञांची व्याख्याने असतात. ती ऐकावीतच, पण खरी गंमत प्रयोगात आहे. 'कॅनसॅट' नावाची एक वस्तू घ्या. थंड पेयाचा डबा तुम्ही पाहिला आहे. तेवढ्याच आकारात एक छोटा 'उपग्रह' बसवायचा. त्यात तापमान आणि हवेचा दाब मोजणारी साधने असतात, बॅटरी असते आणि संदेश पाठवणारे यंत्र असते. तो उंचावरून सोडला की हवाई छत्रीने हळूहळू खाली येतो आणि येता येता आकडे पाठवतो. आकडे आलेच नाहीत, तर पुन्हा डबा उघडायचा आणि कोणती तार सुटली ते शोधायचे. माझ्या मते विज्ञान तिथूनच सुरू होते.

हे वर्गात सांगितले की एखादी मुलगी हमखास विचारते, "टीचर, तिथे इंग्रजी शाळेचीच मुले जातात ना?" तिच्या आवाजावरून कळते की उत्तर तिने आधीच ठरवून ठेवले आहे. म्हणून नीट वाचा. निवड करताना आठवीचे गुण पाहतात. विज्ञान प्रदर्शनातील सहभागाला गुण असतात. खेड्यातील शाळेत शिकणाऱ्यांना जादा गुण मिळतात. शाळा कोणत्या माध्यमाची, याचे गुण नसतात. तेव्हा नववीत जाण्याआधी विज्ञान प्रदर्शनात भाग घ्या. अर्ज भरण्याची तारीख निघून गेल्यावर हळहळून काय उपयोग?

आपल्या देशाचे अवकाश संशोधन तरी कोठे सुरू झाले? केरळमधील थुंबा या कोळ्यांच्या गावी, एका चर्चमध्ये. चर्चच्या इमारतीत कार्यालय होते. रॉकेटचा पुढचा टोकदार भाग सायकलवर ठेवून नेत असत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले. त्या कामात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे तरुण अभियंता होते. आज त्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे.

आता शिबिराला न जाता करण्याचे काम सांगते. खर्च जवळजवळ काहीच नाही.

मुंबईत १५ मेच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. पुण्यात हे १३ मेच्या सुमारास घडते, नागपुरात २६ मेच्या सुमारास. गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. ती सरळ आहे की नाही हे गवंडीकाका ओळंब्याने पाहतात, तसे दोऱ्याला दगड बांधून तपासा. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सावली, म्हणजे तुमच्या उर्दूतील 'साया', लहान लहान होत जाईल आणि मुंबईत साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी काठीच्या पायाशी नाहीशी होईल. बाराला का नाही? भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य तेथे उशिरा पोहोचतो. एका अंशाला चार मिनिटे, असा हिशेब आहे.

हाच प्रयोग जूनमध्ये करून पाहा. दुपारची सावली दक्षिणेकडे पडलेली दिसेल! जुलैच्या शेवटी मुंबईत सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात.

रात्री त्याच गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला तीन ताऱ्यांची शेपटी दिसेल. मराठीत याला सप्तर्षी म्हणतात. अरबांना चौकोनात जनाजा दिसला आणि मागच्या तीन ताऱ्यांत त्यामागे चालणाऱ्या मुली. म्हणून त्यांनी नाव ठेवले 'बनातुन्नाश'. डेप्युटी नझीर अहमद यांच्या कादंबरीचे नावही हेच आहे, आणि तीही मुलींच्या शिक्षणाविषयी आहे. शेपटीच्या टोकाचा तारा मराठीत मरीची. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्याला 'अल्कैद' म्हणतात. त्यातला 'काइद', म्हणजे पुढारी, तुमच्या ओळखीचा आहे. तेव्हा आकाशातील नावे परकी वाटून घेऊ नका. काही तर तुम्हाला शिक्षकांआधी समजतील.

चौकोनाच्या पुढच्या बाजूचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, एका रेषेत जोडा. ती रेषा पाचपट वाढवली की ध्रुवतारा सापडतो. आता हात सरळ पुढे करा आणि मूठ वळा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर, म्हणजे एकोणीस अंशांवर आहे. मुंबईचा अक्षांशही एकोणीसच. श्रीनगरच्या मुलांना साडेतीन मुठी मोजाव्या लागतील. तुमच्या गावी किती मुठी होतात ते मोजा, नकाशात गावाचा अक्षांश पाहा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.