पेटीच्या पोटात काय आहे?



दापोऱ्यात भजन असो की शाळेची प्रार्थना, पेटी सर्वांनी ऐकलेली आहे. पण ती उघडून आत पाहिलेले किती जण आहेत? आठवीच्या वर्गात आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा एकही हात वर आला नाही. म्हणून हा पाठ.

पेटी आपल्याकडची नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबें यांनी 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती टेबलाएवढी होती आणि भाता दोन्ही पायांनी चालवायचा असे. त्यामुळे वाजवायला दोन्ही हात मोकळे राहत. आपले गवई व भजनकरी बसतात जमिनीवर. त्यांना पायाचा भाता काय कामाचा? म्हणून भारतात भाता मागे गेला, डावा हात त्यात गुंतला आणि वाजवायला उजवा हात उरला. मराठी संगीत नाटकांत मात्र पायाने चालणारा ऑर्गन पुष्कळ वर्षे टिकला. त्यात हवा सुरांवर ढकलली जात नाही, उलट आत ओढली जाते. म्हणून त्याचा आवाज मऊ.

आता आतील रचना. हाताने भाता दाबला की हवा कातडी झडपेतून आतल्या दुसऱ्या भात्यात जाते. झडप एकाच दिशेने उघडते, म्हणून हवा परत फिरत नाही. आतल्या भात्याला स्प्रिंगा सतत दाबत असतात. हात क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही, तो या स्प्रिंगांमुळे. प्रत्येक पट्टी म्हणजे एक तरफ. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेथे हिला उत्तोलक म्हणत. नाव कोणतेही घ्या, टेकू मध्येच असतो.) पुढून दाबली की मागचे टोक उचलते, त्याखालचे भोक उघडते आणि हवा पितळी सुरातून बाहेर पडते. सूर म्हणजे पितळेच्या तुकड्यातील फटीवर एका टोकाला बसवलेली पातळ जीभ. ती थरथरते, तोच आवाज.

साडेतीन सप्तकांच्या पेटीत 42 पट्ट्या असतात. सुरांचे दोन संच असले तर 84 जिभा, तीन असले तर 126. प्रत्येक जीभ कारागीर हाताने घासून जुळवतो. टोकाकडे घासली तर जीभ हलकी होऊन सूर चढतो. मुळाशी घासली तर ती लवचिक होऊन सूर उतरतो. केवढे बारीक काम! त्यावर कपलर असला तर एक पट्टी दाबताच तारेच्या जोडणीने दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दबते. स्केल चेंजरच्या पेटीत तर पट्ट्यांची सगळी चौकटच बाजूला सरकते. गायकाचा सा काळी एक असो की पांढरी चार, वादकाची बोटे जुन्याच जागी राहतात.

एवढी यंत्रणा असूनही पेटीला एक गोष्ट साधत नाही, ती म्हणजे मींड. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिच्यात नाहीच. शिवाय बारा स्वर समान अंतरावर लावलेले असल्याने तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा लागतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भाग चढा. अशा आक्षेपांमुळे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ कमीअधिक चालली. आमच्या मते आक्षेप खरा होता, शिक्षा जास्त झाली. 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे याच पेटीवर रसिकांना डोलवत होते.

पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. सा आणि प अचल. उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन श्रुती. पट्टीखालची खुंटी ओढली की श्रुती बदलते.

अमेरिकेतील पेडल स्टील गिटारही याच वाटेवरची. बहुधा दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्याने हलवायचे चार-पाच दांडे. पेडल दाबले की खालच्या सळया तार ओढतात किंवा सैल करतात आणि वाजता वाजता सूर घसरत दुसऱ्या सुरावर जातो. म्हणजे पेटीला न येणारी मींड तिथे पायाने काढतात! वादकाचे दोन्ही हात, पाय आणि गुडघे एकाच वेळी कामात.

आपल्या शाळेच्या पेटीतील मंद्र सप्तकाचा कोमल निषाद पावसाळ्यापासून बोलत नाही. दुरुस्तीपेक्षा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्या, असा सल्ला आम्हाला मिळाला. गावातल्या काही पेट्या अशाच एका मुक्या सुरापायी माळ्यावर पडून आहेत, उंदरांनी भाते कुरतडले आहेत. पण सूर मुका होण्याचे कारण बहुधा जिभेखाली अडकलेला धुळीचा कण असतो. पातळ गुळगुळीत कागदाची पट्टी हलकेच फिरवली की तो निघतो. टाचणी घालू नये, जीभ वाकते आणि मग मात्र कारागीरच लागतो.

येत्या शनिवारी शेवटच्या दोन तासिकांत आठवी व नववीचे विद्यार्थी पेटी उघडतील. येताना मऊ ब्रश, स्वच्छ सुती कापड आणि स्क्रू ठेवायला डबी आणावी. ज्यांच्या घरी बंद पेटी आहे त्यांनी पालकांना विचारून तीही आणावी.