जॅझच्या चालीत थाट कसा ओळखावा?

प्रश्न : आमचे मराठी घर काशीत, रामघाटावर. पेटी शिकले आहे. मुलगा गिटारवर जॅझ वाजवतो आणि ‘मोड’ म्हणतो. हे मोड म्हणजे आपले थाटच का? चालीत ते कसे शोधायचे?
— एक वाचक, वाराणसी

उत्तर : स्वरांपुरते पाहिले तर नाते अगदी जवळचे आहे. पं. भातखंड्यांच्या 10 थाटांपैकी 6 थाट मोडशी तंतोतंत जुळतात: बिलावल म्हणजे आयोनियन, काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन आणि आसावरी एओलियन.

माइल्स डेव्हिसचे 1959चे ‘सो व्हॉट’ ऐका. पेटीवर पांढरी दोनला सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, हा काफीच! 16 मात्रागटांनंतर हीच स्वरावली 8 गट काळी दोनमध्ये जाते आणि शेवटचे 8 पुन्हा मूळ पट्टीत येतात.

शोधताना आधी चाल कुठे विसावते ते पाहा. बहुधा तोच सा. मग गंधार तपासा. तो कोमल असेल तर धैवत ऐका: शुद्ध असेल तर काफी, कोमल असेल तर आसावरी, रिषभही कोमल असेल तर भैरवी.

मात्र बऱ्याच जुन्या जॅझगीतांत कॉर्डबरोबर सा सरकतो. तिथे सबंध गाण्याला एकच थाट लावू नका, ओळीओळीने पाहा. आणि थाट म्हणजे राग नव्हे. बनारसची ठुमरी ऐकत वाढलेल्या कानाला हे वेगळे सांगायला नकोच.