विद्यार्थ्यांचे वृत्त-संकेतस्थळ : बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी एक पाठ

बीड जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. 1958 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे परिपत्रक आष्टी वा धारूरच्या विद्यार्थ्याला कळते, ते पुष्कळदा भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरलेल्या संदेशातून. त्यात खरे किती व खोटे किती, हे सांगणारा कोणी नसतो. ही उणीव विद्यार्थ्यांनी चालविलेले वृत्त-संकेतस्थळ भरून काढू शकेल.

प्रयोजन कोणते?

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा अर्जाची अंतिम तारीख चुकीची कळली, तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते. त्याच्यापर्यंत खरी बातमी वेळेवर पोहोचविणे, हे या कार्याचे पहिले प्रयोजन होय. राजकीय घडामोडी देण्यास दैनिके समर्थ आहेत. शिष्यवृत्ती, वसतिगृह, एस. टी. च्या फेऱ्या, ग्रंथालय व परीक्षा हे विद्यार्थी-वार्ताहराचे खरे क्षेत्र. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली. आपल्या तालुक्यात त्यांपैकी किती वसतिगृहे सुरू आहेत व किती जागा रिक्त आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आवश्यक तेथे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये अर्ज करावा.

कार्याची मांडणी

आरंभी सहा-सात विद्यार्थ्यांचे संपादक मंडळ पुरेसे आहे. त्यात विद्यार्थिनी असाव्यात, तसेच निरनिराळ्या तालुक्यांतून येणारे विद्यार्थी असावेत. सल्लागार प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे. मात्र कोणती बातमी द्यावी, याचा निर्णय विद्यार्थी-संपादकांकडेच असावा. तसे न झाल्यास संकेतस्थळाला सूचनाफलकाचे रूप येते.

संकेतस्थळाचे नाव व जागा यांचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. त्याची तरतूद आधीच करावी. मजकूर युनिकोड देवनागरीत असावा, म्हणजे तो शोधता येतो. बहुतेक वाचक साध्या भ्रमणध्वनीवर वाचणार असल्याने पाने हलकी व छायाचित्रे मोजकी ठेवावीत. आठवड्यातून तीनच बातम्या दिल्या तरी चालेल; परंतु नियमितपणा मोडू नये.

सत्यशोधनाची शिस्त

प्रत्येक बातमी लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने तपासावी. परिपत्रकाची मूळ प्रत पाहिल्यावाचून तारीख छापू नये. ज्याच्यावर आरोप आहे, त्याची बाजू विचारावी आणि ती बातमीतच द्यावी. चूक झाल्यास मजकूर गुपचूप न बदलता दिनांकासह दुरुस्ती द्यावी. लैंगिक अत्याचारपीडितांची ओळख प्रकट करण्यास कायद्याने मनाई आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 अन्वये गुन्हा आहे. या गोष्टी प्रत्येक नव्या वार्ताहराला प्रथम शिकवाव्यात.

सातत्य

अशा उपक्रमांचा खरा शत्रू म्हणजे दरवर्षीचा निरोप समारंभ. अंतिम वर्षाचे विद्यार्थी गेले, की त्यांच्याबरोबर परवलीचे शब्दही जातात आणि संकेतस्थळ ओस पडते. म्हणून सर्व खाती विभागाच्या नावे असावीत, प्रत्येक संपादकासोबत खालच्या वर्गातील एक उपसंपादक असावा आणि कार्यपद्धती लिहून ठेवावी.

मराठवाड्याला वृत्तपत्राचे मोल नव्याने सांगावयास नको. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्राला निजामी राजवटीत बंदीला तोंड द्यावे लागले. आज साधने सुलभ झाली आहेत. सत्य पडताळण्याचे श्रम मात्र तेवढेच आहेत. ते श्रम घेण्याची सवय महाविद्यालयातच लागली, तर जिल्ह्याला जाणते वार्ताहर लाभतील आणि फडावरच्या विद्यार्थ्याचे वर्षही वाचेल.